रिकाम्या गावात दाखवलेलं घर

या अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, पहिल्यांदा घर घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी लिहा, तुम्ही एवढी वर्षं लोकांना घरं दाखवताय. मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवला तर मागे बायको उभी.

"तुमी लिवतलात? स्वतः सासऱ्याच्या घरात रवतास आणि लोकांका घर कसा घेवचा ता शिकवतलात?"

यात खोटं काही नाही. मालवण आणि आसपासच्या गावांत मी आयुष्यभर घरांचे आणि जमिनींचे व्यवहार जमवले, आणि राहतो मात्र सासऱ्यांच्या घरात. लग्नानंतर चार महिन्यांसाठी म्हणून आलो होतो. सासरे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते ओटीवरच्या फोटोतून माझ्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवून असतात. तेव्हा माझ्या सल्ल्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा सोपा वाटतो. घर बघितलं, आवडलं, कागद केले, संपलं. कोकणात तसं नसतं. इथे जमीन एकाच्या नावावर, घर दुसऱ्याच्या आणि दारातला फणस तिसऱ्याच्या. विहीर सगळ्यांची आणि विहिरीकडे जाणारी वाट कोणाचीच नाही. सातबाऱ्यावर नावांची जी रांग असते तिच्यातली निम्मी माणसं मुंबईत, थोडी परदेशात आणि बाकीची देवाघरी. या सगळ्यांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या सह्या जमवणं हा धंद्याचा अर्धा भाग. त्यात मी बरा होतो. उरलेला अर्धा म्हणजे गिऱ्हाईकाला घर दाखवणं. त्यात मी स्वतःला कलावंत समजत असे, आणि माझे सगळे घोटाळे तिथलेच.

धामापूरकडचं एक घर मी सकाळच्या धुक्यात दाखवलं होतं. तळ्यावरून धुकं असं अलगद सरकत होतं की गिऱ्हाईक बोलायचं विसरलं. छपराच्या मागच्या पाख्यावर कौलंच नाहीत हे त्या धुक्यात त्याला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. दिसलं तेव्हा आम्ही दोघे माजघरात उभे होतो आणि डोक्यावर आभाळ होतं.

तरी मी सुधारलो नाही. माझे नियम ठरलेले होते. खाडीकाठचं घर भरतीलाच दाखवायचं, आणि जमलं तर पाण्यातून न्यायचं. ओहोटीला तेच घर चिखलात फसलेलं दिसतं आणि वास येतो तो वेगळा. भरती कधी हे सांगायला मला कोणी लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी येतं. दुसरा नियम असा की घर दाखवायच्या आदल्या दिवशी मालकाचा फोन घ्यायचा नाही. मालकाला नेमकं त्याच दिवशी घराबद्दल प्रेम दाटून येतं आणि तो भाव वाढवतो.

या दोन नियमांनी मिळून माझं काय केलं, ते आता सांगतो.

शैला सिस्टर माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची निवृत्ती तोंडावर होती. सरकारी दवाखान्यातल्या नर्स. मूळच्या वैभववाडीच्या, घाटाच्या पायथ्याच्या. वडिलांचं घर भावांकडे गेलं, लग्न केलं नाही, आणि सगळी नोकरी क्वार्टर्समध्ये झाली. कधी सावंतवाडीला, कधी आणखी कुठे, शेवटी आमच्याकडे. महिनाअखेर क्वार्टर सोडायची होती आणि जायला जागा नव्हती. केस पांढरे झाल्यावर पहिलं घर घेणारं गिऱ्हाईक माझ्याकडे त्याआधी आलं नव्हतं.

"कसं घर पाहिजे?" मी विचारलं.

"खिळा ठोकता येईल असं."

मला वाटलं चेष्टा करतायत. तसं नव्हतं.

"क्वार्टरच्या भिंतीला खिळा मारायचा नाही असा नियम असतो," त्या म्हणाल्या. "आम्ही कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधतो. वारा आला की ते बाहेर जातं. आजची तारीख बघायची तर आधी हात बाहेर घालून महिना आत ओढायचा. आयुष्यभर ओढला."

लोक माझ्याकडे गाडी लावायला जागा मागतात, झोपाळा टांगता येईल असा पडवीचा वासा मागतात, समुद्र दिसलाच पाहिजे म्हणतात. खिळा कोणी मागितला नव्हता. पण घर माझ्या डोळ्यांसमोर लगेच आलं. दाजींचं.

दाजी म्हणजे खाडीपलीकडच्या गावातले एक म्हातारे गृहस्थ. बायको गेलेली, मुलगी सावंतवाडीला दिलेली. आता एकटे राहू नका, इकडे या, असा मुलीचा धोशा होता आणि दाजी हो हो म्हणत दिवस ढकलत होते. घर चिऱ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या तांबड्या दगडाचं, वर कौलं, पुढे खाडी, मागे माड. जमीन, घर आणि फणस तिन्ही एकाच माणसाच्या नावावर. असं घर म्हणजे आमच्या धंद्यात लॉटरी. दाजींनी मला दुसरी किल्लीही देऊन ठेवली होती.

तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणामुळे पुण्याला बरेच दिवस काढून नुकताच परतलो होतो. गावात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. भरती साधून सिस्टरना वेळ दिली. आदल्या दिवशी दाजींचा फोन वाजू लागला. मी तो आनंदाने वाजू दिला.

एका मित्राची छोटी फायबरची होडी मागून घेतली. मी मालवणचा आहे, म्हणजे मला वल्हवता येतं, असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं. सिस्टर छत्री उघडून पुढे बसल्या. पाणी काठोकाठ भरलं होतं, हलतही नव्हतं. माड उलटे होऊन पाण्यात उभे होते आणि आम्ही त्यांच्या शेंड्यांवरून चाललो होतो. मधे एका जागी होडी स्वतःभोवती फिरू लागली.

तोच माड तिसऱ्यांदा समोरून गेला तेव्हा सिस्टरनी वळून बघितलं. मग म्हणाल्या, "आपण जातोय की फिरतोय?"

"तुम्हाला चारी बाजू दाखवतोय," मी म्हटलं.

काठाला लागलो. दाराला कुलूप होतं. दाजी बाजारात गेले असतील असं धरून मी पुढे होऊन ते उघडलं आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. त्या दिवशी भाषणाला गावाचीही साथ होती. कुठून कुठे आवाज नव्हता. मी म्हटलं, "शांतता बघा. ही पैसे देऊन मिळत नाही." आणि खरंच, तशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. कोणाच्या विहिरीवर रहाट वाजत नव्हता. धुणं वाळत घालायच्या दोऱ्या मोकळ्या होत्या. पलीकडच्या अंगणात एक उंबर पिकलं होतं आणि त्याची फळं पडल्याचा आवाज आम्हाला ओटीवर ऐकू येत होता, एकेक, थांबून थांबून. ऊन जमिनीवर असं पडलं होतं की जणू त्याच्यावरून अजून कोणी चाललंच नव्हतं.

सिस्टर खोल्यांतून हळूहळू फिरल्या. वॉर्डात फिरावं तशा, कोणाला जाग येऊ नये अशा बेताने. प्रत्येक भिंतीपाशी थांबून बोटाने टकटक करायच्या आणि कान द्यायच्या.

"इथे मारला तर कोणाला विचारावं लागेल?"

"कोणाला नाही. कुठेही मारा. हे बघा," असं म्हणून मी खिशातून खिळा काढला. गिऱ्हाईकाची मागणी लक्षात ठेवून मी तो मुद्दाम आणला होता. हातोडी आणायला मात्र विसरलो होतो. अंगणातला दगड घेऊन मी माजघराच्या भिंतीत खिळा मारला. खिळा गेला नाही. ताटाएवढा गिलाव्याचा पोपडा निघून माझ्या पायावर पडला. तो आवाज गावभर फिरून आमच्याकडे परत आला आणि त्याला कोणीही उत्तर दिलं नाही.

मी म्हटलं, "जुना गिलावा. व्यवहारात धरू नका."

मग मी ओटीवर टेकलो आणि वल्हवून दमल्यामुळे तिथेच मला झोप लागली. जाग आली ती सिस्टरांच्या आवाजाने. त्या पायरीवर उभ्या होत्या.

"या गावात कोणी नाही का हो?"

"दुपारची झोप असते."

"कोंबड्यांनाही?"

मी डोळे चोळले.

"मी वाडीत चक्कर मारून आले," त्या म्हणाल्या. "गोठे रिकामे आहेत. दावी सोडलेली आहेत. दारं नुसती ओढून घेतली आहेत. एकही कुत्रं माझ्या अंगावर आलं नाही. चुलीतली राख गार आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गावपळण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या काही गावांत काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल घेतात, आणि कौल मिळाला की अख्खं गाव गाव सोडून बाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोपी घालून तीन दिवस राहतात. तेवढे दिवस गाव देवाचं. मग पुन्हा कौल लावायचा आणि देवाने हो म्हटलं की परत यायचं. त्या दिवसांत गावात पाऊल टाकत नाहीत. रस्त्याने आलो असतो तर वेशीवरच गाव भेटलं असतं. मी कलावंत, मी पाण्यातून आलो होतो. दाजी काल फोन करत होते ते हेच सांगायला.

"चला," मी म्हटलं, "आलो तसे जाऊ." काठावर आलो तर खाडी निघून गेली होती. होडी चिखलात कलती पडली होती आणि तिच्यावर एक बगळा बसला होता.

चालत जाण्यावाचून इलाज नव्हता. त्या वाटेने मी नंतर किती वेळा गेलो, पण ती तेव्हा जेवढी लांब होती तेवढी पुन्हा कधी झाली नाही. दोन्ही बाजूंना बंद घरं आणि मधून आम्ही दोघं. आपण चोर आहोत की पाहुणे, हे कळत नव्हतं. आपल्याच पावलांचा आवाज नको वाटत होता. सिस्टरनी छत्री उघडली होती, उन्हासाठी की लपण्यासाठी ते मी विचारलं नाही.

वेशीपलीकडे काजूच्या झाडांखाली गाव बसलं होतं. चुली पेटलेल्या, भाताचा वास, पोरं, गुरं, पत्त्यांचे डाव. आणि देवाच्या ताब्यातल्या गावातून दोन माणसं चालत येतायत. एकेक आवाज बंद होत गेला. शेवटी एका म्हातारीचा आवाज तेवढा उरला.

"कोण ता येता गावातसून?"

"राखणदार असतलो," दुसरं कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. राखणदार म्हणजे गाव राखणारा, एरवी न दिसणारा देव.

"छत्री घेवन?"

गावकर, म्हणजे गावातले मुख्य मानकरी, पुढे आले. "खंयसून इलात?"

"खाडयेतसून."

"कित्याक?"

"घर बघूक," मी म्हटलं. हे दोन शब्द याआधी मला कधी एवढे मूर्ख वाटले नव्हते.

मागून दाजी आले. "मी तुमका काल फोन करून करून दमलंय."

"सायलेंटवर होता," मी म्हटलं, आणि ते खोटं दिसू नये म्हणून खिशात हात घालून तिथल्या तिथे फोन सायलेंटवर टाकला.

गावकरांनी आम्हा दोघांना खालीवर बघितलं, गावाच्या दिशेला हात जोडून आमच्या वतीने चार शब्दांचं गाऱ्हाणं घातलं, आणि म्हणाले, "जाणान गेले नाय. देवाक समाजता. पण होडी आता थंयच रवांदे. कौल होयसर कोणी आत जावचा नाय."

सिस्टर दाजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला तुमचं घर आवडलं. घ्यायचं आहे. तुमचं काय म्हणणं?"

दाजींनी गावाकडे पाहिलं. "ह्या दिसांत ता माझा नाय, सिस्टर. गाव देवाचा आसा. जा माझा नाय ता मी कसा विकू? कौल होवंदे, मगे बोलूया."

"मग मी थांबते."

"खंय?"

"इथेच."

मी मधे पडून सांगायला लागलो की रस्त्याला जाऊन रिक्षा मिळेल, दोन दिवसांनी पुन्हा येऊ, पण तोवर पारूकाकीने, म्हणजे दाजींच्या शेजारणीने, सिस्टरांची पिशवी उचलली होती. "माझ्या खोपीत जागा आसा. मी घोरतंय मात्र, आदीच सांगतंय."

"जन्म वॉर्डात गेलाय," सिस्टर म्हणाल्या. "कोणी घोरलं नाही तर मला काळजी वाटते."

त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या.

मलाही थांबावं लागलं. मित्राची होडी आत अडकली होती आणि ती टाकून घरी गेलो असतो तर मित्राला तोंड दाखवता आलं नसतं. बायकोला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरा झाला. जरा सासऱ्याच्या भायर रवान बघा."

ते दिवस मला अजूनही नीट आठवत नाहीत, म्हणजे स्वप्न जसं आठवतं तसे आठवतात. ऊन काजूच्या पानांतून गळायचं. गुरं माणसांच्या इतकी जवळ बसायची की त्यांच्या रवंथाच्या तालावर डोळे मिटायचे. कोण कोणाच्या चुलीवर जेवतंय ते कळत नव्हतं. ज्याच्या घराला मार्बल आहे तो आणि ज्याच्या घराला शेणाची जमीन आहे तो, दोघांवर सारखाच झाप. मी येणाऱ्या जाणाऱ्याकडे सवयीने बघायचो, याचं घर कुठलं, किती गुंठे, आणि मग लक्षात यायचं की इथे कोणालाच घर नाही. माझा धंदाच नाहीसा झाला होता. मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी काजूखाली सुपारी कातरत बसले होते. सिस्टर जाऊन शेजारी बसल्या. "दाजी, एक सांगायचं राहिलं. तुमच्या माजघराच्या भिंतीचा पोपडा आमच्या हातून पडला."

मी खोपीच्या मागे सरकलो.

"खंय?"

"देवळीच्या उजव्या अंगाला. यांनी खिळा मारून बघितला."

दाजींच्या हातातला अडकित्ता थांबला आणि ते खांदे हलवत हसू लागले. "थंय? थंय कोणाच्या बापाशीक खिळो बसूचो नाय. ती भित म्हणजे नुसतो चिरो."

आणि मग ते बोलू लागले. पुण्याला जायच्या आधी महिनाभर मी त्यांच्याकडून घराची माहिती काढत होतो आणि ते मला 'बरा आसा' एवढंच सांगत होते. आता घर समोर नव्हतं, तर लांब गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसे ते बोलत होते.

"मागच्या दाराक दुपारच्याक वारो येता. जेवक थंय बसाचा. माझी बायल थंयच बसायची. आणि पयली पायरी हलता, ती बसवची नाय. तिका हलवंदे. कोण इलो ता आत समाजता. आपला माणूस इलो तर एक आवाज, भायलो इलो तर दुसरो."

"आणि पाऊस?"

"न्हाणयेच्या कोनाड्यात गळता. मी थंय टोप ठेवतंय. भाऊन सांगल्यान काय तुमका?"

भाऊ म्हणजे मी. मी त्या कोनाड्याबद्दल 'नैसर्गिक गारवा' असं म्हणायचं ठरवून आलो होतो.

सिस्टर विचारत होत्या आणि दाजी सांगत होते. कुठल्या खिडकीत मार्गशीर्षात ऊन येतं. कुठलं दार पावसात फुगतं. विहिरीचं पाणी वैशाखात किती खाली जातं आणि तेव्हा कोणाच्या विहिरीवर जायचं. पारूकाकी चुलीवरून भर घालत होती, "माझ्या विहिरीर येवचा, आणि कोणाच्या?" सिस्टर डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटलं झोपल्या. त्या घरात फिरत होत्या.

पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना मला सल्ला द्यायचाच असेल तर तो हा. कागद वकिलाकडून बघून घ्या, वहिवाट कोणाच्या जमिनीतून जाते ते बघा, विहीर वैशाखात आणि छप्पर आषाढात बघा. हे सगळं कोणीही सांगेल. पण मालकाशी घराबद्दल बोलायचं असेल तर घरापासून लांब जाऊन बोला. घरात बसलेला मालक घर विकत असतो. लांब बसलेल्या मालकाला ते आठवत असतं.

फक्त यात एक धोका असतो, आणि तो मला तिसऱ्या दिवशी दिसला. दाजींना जसजसं आठवत गेलं तसतसा माझा व्यवहार विरघळत गेला. संध्याकाळच्या चहाला ते आपणहून म्हणाले, "सिस्टर, खरा सांगू? माका विकूक नको असा वाटूक लागला हा."

महिना संपत आला होता. सिस्टरांचं सामान क्वार्टरच्या दारात बांधलेलं होतं. दुसरं घर माझ्याकडे नव्हतं, निदान तिन्ही गोष्टी एका नावावर असलेलं तर नव्हतंच. सिस्टरनी कप खाली ठेवला. पदराने तो उगाच पुसला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग उद्या कौल झाला तर मी तुमच्याबरोबर तेवढी येते. ते मागचं दार उघडलेलं बघायचं राहिलंय. बघते आणि जाते."

सकाळी मानकरी कौल लावायला देवळाकडे गेले. पाषाणावर फुलाच्या पाकळ्या लावून देवाला विचारतात, आणि कुठली पाकळी आधी पडते त्यावरून उत्तर समजतात. निघताना दाजींनी गावकरांना बाजूला घेतलं. घर विकू की नको, तेवढंही विचारा म्हणाले.

गावकर म्हणाले, "दाजी, गावाचा मी विचारतंय. घराचा तुझा तू बघ. देवाक कित्याक मदी घालतस?"

अख्खं गाव बोचकी बांधून देवळाच्या दिशेला कान लावून बसलं होतं. गुरांनाही कळलं असावं, ती उभी राहून गावाकडे बघत होती. पुष्कळ वेळाने ढोल वाजला. कौल झाला होता.

त्यानंतर जे बघितलं ते मी कुठल्याही गिऱ्हाईकाला दाखवू शकलो नाही आणि शकणार नाही. गाव घरी चाललं होतं. तीच माणसं, तीच घरं, पण प्रत्येकजण आपल्या दारापाशी आला की थांबत होता. दार ढकलायच्या आधी क्षणभर थांबायचा. बायका उंबऱ्याला पाणी घालत होत्या. एक जाडजूड माणूस, ज्याचा जन्म त्या घरात झाला होता, तो चपला काढून आत वाकून बघत होता, येऊ का असं विचारल्यासारखा. त्या दिवशी त्या गावात सगळेच पहिल्यांदा घरात शिरत होते. सिस्टर एकट्याच तशा नव्हत्या.

दाजींच्या घराशी आलो. दाजी पुढे, मागे सिस्टर, पारूकाकी आपल्या अंगणाकडे वळलेली. दाजींनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पायरी हलली. ते तिथेच थांबले. पाय उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा ती हलली. मग ते आत गेले, आणि सिस्टर त्यांच्या मागे.

मी आत गेलो नाही. मला माजघराची ती भिंत बघायची नव्हती. होडीकडे जायचं निमित्त करून मी फणसाखाली उभा राहिलो. आतून झाडू फिरल्याचा आवाज आला. मग मागचं दार उघडल्याचा. मग काहीच नाही, एवढा वेळ काहीच नाही की खाडीला पुन्हा भरती चढू लागलेली मला ऐकू आली.

मग दाजींचा आवाज. आणि तो 'सिस्टर, तुमी' असा नव्हता.

"हय ये गो बाय. हय मार. हय भितीत माझ्या बापाशीन फणसाचा लाकूड बसवल्यान हा. भायल्या माणसाक कळाचा नाय."

पहिला घाव बिचकत पडला. दुसरा पडायला वेळ लागला. मग एकेक करत हातोडीचे घाव माजघरातून बाहेर आले, सावकाश, आणि या खेपेला पारूकाकीने पलीकडून विचारलं, "काय ठोकतास गो?"

दाजी बाहेर येऊन ओटीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चेडवाक फोन करतंय, सावंतवाडीक. कागद करूक घे."

मी विचारलंच, "कालपर्यंत तर नको म्हणत होतात."

"पायरी हलली तेवा माका वाटला, भायलो कोणतरी इलो. बघतंय तर मीच."

कागद झाले. दाजी सावंतवाडीला गेले आणि अधूनमधून एसटीने येतात. पावसात न्हाणीच्या कोनाड्यात टोप असतो, पायरी हलते, आणि माझ्या खिळ्याची खूण अजून बुजवलेली नाही. सिस्टर म्हणतात, एजंट बघायला आले की दाखवायला बरी. फणसाच्या लाकडातल्या खिळ्यावर मात्र त्यांनी काहीच लावलेलं नाही. कॅलेंडर अजून खिडकीच्या गजालाच आहे. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "सवय हो. आणि खिळा असा मोकळाच बघायला बरा वाटतो." दाजी आले की त्यावर टोपी अडकवतात, जाताना घेऊन जातात.

पहिल्यांदा त्यांचं ते बोलणं ऐकून घरी आलो आणि फडताळातून हातोडी काढली. बायको दारात आली.

"काय करतास?"

"एक खिळा मारतो म्हटलं. कुठेतरी."

"बाबांका विचारलात?"

मी ओटीवरच्या फोटोकडे बघितलं. सासरे नेहमीसारखे बघत होते. तो फोटो लावायच्या दिवशी मी अर्धी सकाळ भिंत ठोकत होतो. जागोजागी पोपडे पडत होते, पाहुणे जमले होते, आणि शेवटी एके ठिकाणी खिळा असा आत गेला की तो आजवर हललेला नाही. या घरात मी मारलेला तेवढाच एक खिळा. आणि त्यावर सासरे.

मी हे बायकोला सांगितलं. ती फोटोजवळ गेली, तो किंचित वाकडा झाला होता तो सरळ केला आणि माझ्या हातातली हातोडी काढून घेतली.

"मगे? आणि कसलो खिळो व्हयो तुमका?"